संग्रहालयाआधीचे बिल्बाओ

स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरील बिल्बाओ या शहराची एक गोष्ट जगभर सांगितली जाते. पोलाद आणि जहाजबांधणीवर जगणारे बास्क प्रांतातले हे बंदर १९८० च्या दशकात मोडकळीला आले. मग फ्रँक गेरी या वास्तुविशारदाने नदीकाठी टायटॅनियमच्या पत्र्यांनी मढवलेले एक संग्रहालय रचले, १८ ऑक्टोबर १९९७ रोजी राजे हुआन कार्लोस यांच्या हस्ते त्या गुगनहाइम संग्रहालयाचे उद्घाटन झाले, आणि शहराचे नशीब पालटले. ही गोष्ट ऐकायला सोपी आहे, म्हणूनच ती इतकी पसरली. बंद पडलेल्या कारखान्यांकडे हताशपणे बघणाऱ्या कितीतरी शहरांच्या कारभाऱ्यांनी तिच्यातून एवढाच बोध घेतला, की एखादा नामवंत वास्तुविशारद गाठावा, डोळे दिपवणारी इमारत उभारावी, बाकीचे आपोआप होईल. मला ही गोष्ट उलट्या क्रमाने सांगितलेली वाटते. बिल्बाओ सावरू लागले ते संग्रहालयाचा विचारही कोणाच्या मनात नव्हता तेव्हा, आणि आधीची पंधरा-सोळा वर्षे झालेल्या, छायाचित्रात न येणाऱ्या कामांमुळेच ती इमारत तिथे उभी राहू शकली. हा क्रम नीट न कळल्याची किंमत अनेक शहरांनी मोजली आहे, म्हणून तो सनावळीनिशी मांडणे जरुरीचे आहे.

मुळात हे शहर लोखंडावर उभे राहिले. सन १३०० मध्ये दिएगो लोपेस दे आरो या सरदाराच्या सनदेने वसलेले बिल्बाओ समुद्रापासून चौदा-पंधरा किलोमीटर आत, नेर्व्हिओन नदीच्या खाडीवर आहे. लोकर आणि लोखंडाचा व्यापार तिथे शतकानुशतके चालत असे. पण १८५६ मध्ये हेन्री बेसेमरने पोलाद बनवण्याची नवी पद्धत शोधली आणि या खाडीचे महत्त्व एकदम वाढले. बेसेमरच्या भट्टीला फॉस्फरस जवळजवळ नसलेले लोहखनिज लागे. इंग्लंडमधले बरेचसे खनिज त्या कसोटीला उतरत नव्हते, आणि बिल्बाओजवळच्या त्रियानो आणि सोमोरोस्त्रोच्या डोंगरांत मात्र नेमके तसले खनिज जमिनीलगत, जहाजाच्या धक्क्यापासून काही किलोमीटरवर पडलेले होते. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या ओर्कोनेरा कंपनीत वेल्समधील डाउलैस, इंग्लंडमधील कॉन्सेट आणि जर्मनीतील क्रुप हे तिघेही भागीदार होते. युरोपातल्या मोठ्या पोलादवाल्यांना या डोंगरांची किती गरज होती ते यावरून कळते. १८७६ मध्ये स्पेनच्या गादीच्या वादातून पेटलेले कार्लिस्ट युद्ध संपले आणि निर्यात जोरात सुरू झाली. इथून खनिज भरून गेलेली जहाजे परतताना वेल्सचा दगडी कोळसा आणत, आणि त्या कोळशावर खाडीकाठी झोतभट्ट्या पेटल्या. खाडीच्या मुखाशी वाळूचा एक सरकता बांध होता, त्यावर जहाजे अडकत आणि फुटत. एव्हारिस्तो दे चुर्रुका या अभियंत्याने पोर्तुगालेते येथे वळणदार लोखंडी धक्का समुद्रात नेला आणि पाण्याच्याच ओघाने ती वाळू हटेल अशी व्यवस्था केली. या शहराचे भवितव्य पाण्याखालच्या कामाने ठरण्याची ती पहिली वेळ.

त्या भरभराटीने खाडीचे दोन काठ दोन वेगळ्या जगांत विभागले. उजव्या काठावर, गेचोच्या बाजूला, खाणमालक आणि बँकवाल्यांचे बंगले. डाव्या काठावर बाराकाल्दो, सेस्ताओ, पोर्तुगालेते ही कामगारांची गावे. स्पेनच्या गरीब प्रांतांतून आलेली माणसे खाणीजवळच्या बराकींत राहत आणि कंत्राटदाराच्याच दुकानातून चढ्या भावाने धान्य घेत. १८९० च्या मे महिन्यात या खाणकामगारांनी जो सार्वत्रिक संप केला, तो स्पेनच्या कामगार चळवळीतला एक मोठा टप्पा मानला जातो. पुढे स्पेनच्या यादवी युद्धात ‘ला पासिओनारिया’ या नावाने जगाला माहीत झालेल्या दोलोरेस इबार्रुरी यांचा जन्म १८९५ मध्ये इथल्याच गायार्ता या खाणगावात, खाणकामगाराच्या घरी झाला. १८९३ मध्ये आल्बेर्तो दे पालासिओने दोन्ही काठ जोडणारा बिस्काया पूल बांधला. जहाजांची वाट अडू नये म्हणून त्याची आडवी तुळई उंचावर ठेवलेली आहे आणि तिला पोलादी दोरांनी टांगलेला पाळणा माणसे आणि गाड्या घेऊन पाण्यावरून इकडून तिकडे जातो. जगातला हा अशा प्रकारचा पहिला पूल आजही चालू आहे आणि २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. बिल्बाओतली आधुनिक वास्तुकला १९९७ मध्ये अवतरली असे म्हणणाऱ्यांनी हा पूल विसरू नये. १९०० मध्ये एउस्काल्दुना हा जहाजबांधणीचा कारखाना निघाला, १९०२ मध्ये तीन पोलाद कंपन्या एकत्र येऊन ‘आल्तोस ओर्नोस दे बिस्काया’ झाली, आणि पुढची सत्तर वर्षे खाडीचे पाणी गंजाच्या रंगाचे राहिले.

पडझड एकाएकी झाली नाही, पण एकामागून एक घाव बसत गेले. १९७३ च्या तेलसंकटानंतर जहाजांची मागणी घटली. पोलादाच्या बाजारात स्पर्धा वाढली, आणि १९८६ मध्ये स्पेन युरोपीय आर्थिक समुदायात जाणार म्हणून माद्रिदच्या सरकारने तोट्यातल्या उद्योगांची छाटणी आरंभली. त्यातच २६ ऑगस्ट १९८३ रोजी अतिवृष्टीने नदीला महापूर आला, जुन्या शहराच्या गल्ल्यांत दुकानांच्या वरपर्यंत चिखल साचला आणि प्रांतात अनेक माणसे दगावली. १९८४ च्या हिवाळ्यात एउस्काल्दुनाचे कामगार कारखाना वाचवण्यासाठी रस्त्यावर उतरले, आठवडेच्या आठवडे पोलिसांशी त्यांच्या चकमकी झाल्या, पोलीस कारखान्यात घुसले त्या दिवशी एका कामगाराचा मृत्यू झाला. तरीही १९८८ मध्ये कारखाना बंद पडलाच. डाव्या काठावर काम करू शकणाऱ्या चौघांपैकी एक माणूस बेकार होता. एटा या सशस्त्र संघटनेच्या हत्या, खंडण्या आणि अपहरणांनी उद्योजक प्रांत सोडून जात होते. आल्तोस ओर्नोसची शेवटची झोतभट्टी विझली ती १९९६ मध्ये, संग्रहालय उघडण्याच्या जेमतेम वर्षभर आधी.

आता याच काळात दुसऱ्या बाजूला काय घडत होते ते पाहू, कारण माझा सगळा युक्तिवाद या तारखांवर उभा आहे. खाडीचे मैलापाणी आणि कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करण्याची सर्वंकष योजना १९७९ मध्ये मंजूर झाली आणि तिची कामे १९८४ मध्ये सुरू झाली. त्या वेळी खाडीच्या आतल्या भागात उन्हाळ्यात पाण्यातला प्राणवायू जवळजवळ शून्यावर येत असे. मासे तर नव्हतेच, पण काठावर उभे राहणेही दुर्गंधीने अशक्य होई. दोन्ही काठांनी मोठे जलवाहक टाकून ते सारे पाणी सेस्ताओच्या गालिंदो केंद्रात नेण्याचे काम दोन दशके चालले. त्याला गुगनहाइमच्या कित्येक पट पैसा लागला, आणि त्यातला मोठा वाटा रहिवाशांनी आपल्या पाणीपट्टीतून भरला. बेकारीने पिचलेल्या शहराने, त्या वर्षांत, नळाच्या बिलावर जादा आकार सोसून नदी साफ केली! ज्या काठावर आज लाखो प्रवासी छायाचित्रे काढतात, तो काठ उभे राहण्याजोगा झाला तो असा. १९८१ मध्ये बास्क प्रांतांचा जुना आर्थिक करार पुन्हा अमलात आला: कर प्रांतानेच गोळा करायचा आणि ठरलेला वाटा माद्रिदला द्यायचा. बिस्कायाचा हा हक्क हुकूमशहा फ्रँकोने १९३७ मध्ये काढून घेतला होता; तो परत मिळाल्याने अशा कामांवर पैसा कसा खर्चायचा हे इथेच ठरवता येऊ लागले. १९८८ मध्ये भुयारी मेट्रोच्या स्थानकांसाठी स्पर्धा झाली आणि वास्तुविशारद नॉर्मन फोस्टर यांची निवड झाली. ११ नोव्हेंबर १९९५ रोजी मेट्रो धावू लागली. रस्त्यातून वर आलेली तिची काचेची वक्र प्रवेशद्वारे लोकांनी इतकी आपली केली की ते त्यांना ‘फोस्टेरितो’ म्हणतात. १९८९ मध्ये महानगराच्या पुनरुज्जीवनाचा आराखडा करायला घेतला. आणि बंदर शहरातून उचलून खाडीच्या मुखाबाहेर, सान्तुर्त्सी आणि सिएर्बेनाच्या समुद्रात हलवण्याचे काम १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हाती घेतले गेले. बंदर बाहेर गेल्यावरच शहराच्या मध्यातले धक्के, यार्ड आणि रेल्वेरूळ मोकळे होणार होते.

मोकळ्या होणाऱ्या या जमिनीचे काय करायचे, या प्रश्नाला बिल्बाओने दिलेले उत्तर मला संग्रहालयाहून मोठे वाटते. आबान्दोइबार्रा हा सुमारे ३५ हेक्टरचा नदीकाठचा पट्टा बंदर, रेल्वे आणि सरकारी कंपन्यांत विभागलेला होता, आणि त्यांतल्या बऱ्याच संस्था माद्रिदच्या हाताखाली होत्या. १९९२ मध्ये ‘बिल्बाओ रिआ २०००’ ही संस्था स्थापन झाली. तिचा निम्मा भाग केंद्राच्या संस्थांचा, निम्मा बास्क सरकार, बिस्काया प्रांत आणि बिल्बाओ व बाराकाल्दो नगरपालिकांचा. माद्रिदमध्ये समाजवादी आणि बिल्बाओत बास्क राष्ट्रवादी असे परस्परांवर संशय घेणारे पक्ष त्यात एका टेबलाशी बसले. जमीनमालक संस्थांनी आपली जमीन या संस्थेच्या ताब्यात दिली, नगरपालिकेने तिचा वापर बदलून दिला, संस्थेने रस्ते, उद्याने आणि धक्के तयार केले आणि काही भूखंड खासगी बांधकामासाठी विकले. विक्रीचा नफा मालकांना वाटला नाही. तो रूळ हलवण्यात, आमेत्सोलासारख्या गजबजलेल्या वस्तीत रेल्वे यार्डाच्या जागी उद्यान करण्यात आणि बाराकाल्दोच्या पडीक कारखानभूमीत घातला गेला. श्रीमंत नदीकाठाने गरीब वस्त्यांचे काम काही अंशी भागवले, आणि ते कोणाच्या औदार्याने नव्हे, संस्थेच्या घटनेने.

या सगळ्या खटाटोपात गुगनहाइम आले १९९१ मध्ये. न्यूयॉर्कच्या गुगनहाइम प्रतिष्ठानाचे संचालक थॉमस क्रेन्स युरोपात शाखेसाठी जागा शोधत होते, आणि बास्क सरकारने त्यांना गाठले. अटी जबर होत्या: इमारतीसाठी सुमारे १० कोटी डॉलर, कलाकृती खरेदीसाठी ५ कोटी, प्रतिष्ठानाला २ कोटी, शिवाय दरवर्षीच्या खर्चाला हातभार. गावात संताप झाला. थोर बास्क शिल्पकार होर्हे ओतेइसा यांनी या प्रकल्पाला कडाडून विरोध केला. काही वर्षांपूर्वी त्यांचीच, जुन्या मद्यगोदामावर सांस्कृतिक केंद्र उभारण्याची योजना बारगळली होती. क्रेन्स यांनाही प्रथम तेच गोदाम दाखवण्यात आले. गेरी यांनी ते पाहून सांगितले की ही वास्तू तुमच्या कामाची नाही, नदीकडे चला. आता थांबून विचार करावा, की नदीकडे चला असे सांगता आले ते का. मैलापाण्याचे जलवाहक पडत होते, बंदर बाहेर जायचे ठरले होते, पट्ट्याची मालकी एकत्र येऊ घातली होती. दहा वर्षांपूर्वी हाच सल्ला कोणी दिला असता तर ऐकणाऱ्याने नाक दाबले असते.

इमारत मात्र खरोखर असामान्य आहे, आणि तिचे मोठेपण मला कमी करायचे नाही. गेरी आधी स्टेनलेस स्टीलचा विचार करत होते, पण बिल्बाओच्या पावसाळी करड्या उजेडात ते निर्जीव दिसे. टायटॅनियमचा नमुना तशाच ढगाळ हवेत ठेवला तर तो सोनेरी छटा धरतो, असे त्यांच्या लक्षात आले. नेमक्या त्याच सुमाराला रशियाने आपला टायटॅनियमचा साठा बाजारात आणल्याने भाव उतरले. सुमारे ३३ हजार पत्रे बसवले आहेत आणि प्रत्येकाची जाडी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी आहे. जवळून पाहिले तर पत्रा सपाट नसतो, त्याला किंचित फुगवटा असतो, त्यामुळे ढग सरकला की सबंध भिंतीचा रंग बदलतो. त्या वक्र पृष्ठांचे गणित फ्रान्सच्या दासो या विमान कंपनीच्या ‘कातिया’ या संगणक प्रणालीवर सोडवले गेले आणि सांगाडा उभारला तो बास्क प्रदेशातल्याच पोलादी बांधकामाच्या कंपनीने. काम ठरलेल्या खर्चात आणि वेळेत झाले, हे अशा इमारतींच्या बाबतीत फार क्वचित घडते. ज्या प्रदेशाने शंभर वर्षे पोलाद वाकवले तिथे हे जमले, यात मला योगायोग दिसत नाही. उद्घाटनाच्या पाच दिवस आधी माळ्याच्या वेशात फुलांच्या कुंड्यांतून स्फोटके आणणाऱ्या एटाच्या माणसांना चेमा अगिरे या बास्क पोलिसाने हटकले आणि त्यांनी त्याला गोळी घातली. संग्रहालयासमोरच्या चौकाला आज त्याचे नाव आहे.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. नदी साफ करणारी, मेट्रो बांधणारी शहरे पुष्कळ आहेत. त्यांची नावे कोण घेतो? पहिल्याच वर्षी १३ लाखांहून अधिक माणसे आली, अपेक्षेच्या दुपटीहून जास्त. ती काही गालिंदोचे मैलापाणी केंद्र बघायला आली नव्हती. हे मी पूर्ण मान्य करतो. संग्रहालयाने शहराला नाव दिले, हॉटेले आणि विमानतळ भरले, आणि वीस वर्षे पराभव सोसलेल्या गावाला मान वर करायला लावली. या शेवटच्या गोष्टीचे मोल आकड्यात येत नाही. पण नाव मिळणे आणि सावरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतली एक दुसरीशिवाय आणली तर काय होते, ते स्पेनमध्येच दिसते. सान्तियागो दे कोम्पोस्तेला येथे पीटर आयझेनमन यांच्या आराखड्यानुसार डोंगरावर अवाढव्य संस्कृतीनगरी बांधायला घेतली. खर्च अनेक पटींनी फुगला आणि २०१३ मध्ये ती अर्धवट सोडून द्यावी लागली. आव्हिलेस हे अस्तुरियासमधले, बिल्बाओसारखेच पोलादाचे बंदर. तिथे ऑस्कर निमायर यांनी रचलेले केंद्र मार्च २०११ मध्ये उघडले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात, सत्तेतल्या पक्षांच्या भांडणात, बंद पडले. नंतर ते पुन्हा सुरू करावे लागले. खुद्द गुगनहाइम प्रतिष्ठानाचे लास व्हेगासमधले भव्य दालन २००१ मध्ये उघडून सव्वा वर्षात मिटले. नामवंत वास्तुविशारद या सगळीकडे होते. बिल्बाओतसुद्धा सान्तियागो कालात्राव्हा यांच्या झुबिझुरी पुलाच्या काचेच्या लाद्यांवरून पावसात माणसे घसरून पडू लागली, आणि शेवटी नगरपालिकेला त्यावर जाजम अंथरावे लागले.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. तो असा, की हे पुनरुज्जीवन ज्यांच्या नावाने झाले त्यांच्या वाट्याला ते आले नाही. एउस्काल्दुना आणि आल्तोस ओर्नोसच्या कामगारांना मुदतपूर्व निवृत्तीचा पैसा मिळाला, पण त्यांच्या मुलांना संग्रहालयात वेल्डर म्हणून नोकरी मिळणार नव्हती. जिथे जहाजे बांधली जात तिथे १९९९ मध्ये एउस्काल्दुना नावाचेच संगीत आणि परिषदांचे सभागृह उभे राहिले, आजूबाजूची घरे शहरातल्या सर्वांत महागड्या घरांत गणली जातात. डाव्या काठावर, विशेषतः सेस्ताओत, बेकारी नंतरही प्रांतात सर्वाधिक असणाऱ्यांत राहिली. याला माझ्याकडे पुरे पडणारे उत्तर नाही. एवढेच म्हणता येईल, की या अन्यायाचा दोष नदीशुद्धीला किंवा मेट्रोला देता येत नाही. मेट्रोची दुसरी मार्गिका २००२ पासून त्याच डाव्या काठाला शहराशी जोडते, आणि कामगारवस्तीला या सगळ्यातून सर्वांत ठोस असे काही मिळाले असेल तर ते हेच. इमारतींनी दिले ते काठावर राहायला आलेल्यांना, नळांनी आणि रुळांनी दिले ते सगळ्यांना.

मराठी वाचकाला यात मुंबईची आठवण येणे स्वाभाविक आहे. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावाचे जे झाले ते एउस्काल्दुनाच्या कामगारांना परके वाटले नसते. बिल्बाओ गुगनहाइमशी बोलत होते त्याच १९९१ साली मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत कलम ५८ आले: गिरणीच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश ‘म्हाडा’च्या घरांसाठी, उरलेला मालकाला. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीने गिरण्यांच्या जमिनीचा एकत्रित विचार करावा असे सुचवले. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त गिरणीच्या आवारातल्या रिकाम्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. प्रत्येक गिरणी सुटी सुटी विकसित झाली. म्हणून परळ-लोअर परळमध्ये आज टोलेजंग इमारती आहेत आणि त्यांच्या मध्ये चालायला धड रस्ता नाही. कोणी म्हणेल, बास्क प्रांत श्रीमंत, करांवर त्याचा स्वतःचा हक्क, त्याच्याशी तुलना कशाला? पण मुंबई गरीब नव्हती आणि तिच्या जमिनीची किंमत बिल्बाओपेक्षा कितीतरी जास्त होती. कमी पडली ती जमीन एका हातात आणून तिचा नफा शहरात परत घालणारी संस्था. हे आजही शिळे झालेले नाही. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले आणि मुंबई बंदराचा कंटेनर व्यवहार खाडीपलीकडे गेला. शिवडी ते माझगावचा पूर्व किनारा, आबान्दोइबार्रासारखाच, केंद्राच्या बंदर-संस्थेच्या मालकीचा आहे. तिथे काय बांधायचे याची चित्रे अधूनमधून प्रसिद्ध होतात. ती जमीन कोणाच्या ताब्यात राहणार आणि तिचा पैसा कोणत्या वस्तीत जाणार, हे विचारण्याची वेळ अजून गेलेली नाही.

बिल्बाओला जाणाऱ्यांनी गुगनहाइम जरूर पाहावे, शिल्पकार रिचर्ड सेरा यांच्या गंजलेल्या पोलादी वेटोळ्यांतून सावकाश चालावे. पण एक दिवस मेट्रोच्या दुसऱ्या मार्गिकेला द्यावा. सेस्ताओला उतरून जतन करून ठेवलेली आल्तोस ओर्नोसची झोतभट्टी पाहावी, तिथून पोर्तुगालेतेला जाऊन बिस्काया पुलाच्या टांगत्या पाळण्यातून पलीकडच्या काठावर जावे, आणि वेळ असेल तर गायार्ताचे खाणसंग्रहालयही करावे. उन्हाळा सोडला तर गुगनहाइम बहुधा सोमवारी बंद असते; पुलाचा पाळणा रोज चालतो.